वाडीचा निरोप पंचायतीपर्यंत

मृग जवळ आला की गावात लगबग सुरू होते. बियाण्याची चौकशी होते, खताची जुळवाजुळव होते, घरावरची कौले चाळून होतात, गुरांचा चारा कोरड्या जागी रचला जातो. सोसायटीच्या कर्जापासून गोठ्याच्या गळतीपर्यंत सगळ्याचा विचार होतो. एकच गोष्ट कोणी विचारत नाही. ओढा फुगला, साकव पाण्याखाली गेला, वीज गेली आणि मोबाइल मुका झाला, तर पलीकडच्या वाडीचा निरोप पंचायतीपर्यंत यायचा कसा?

हा प्रश्न हवेतला नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने. नेहमीचे गाव जागेवर दिसेना, म्हणून त्याला काय झाले ते कळले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा ज्या गावांना मदत हवी होती त्यांतल्या कित्येकांना ‘मदत हवी’ एवढे सांगायचेही साधन उरले नव्हते. मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेली की त्याची बॅटरी काही तास तग धरते, आणि रस्ताच वाहून गेला तर जनित्राला डिझेल कोण नेऊन देणार?

सरकारकडून इशारे येत नाहीत असे नाही. हवामान खात्याचा अंदाज येतो, मोबाइलवर सूचना वाजते, पंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा होतो. पण हे सगळे दवंडीच्या जातीचे आहे. वरून खाली सांगायचे, खालच्याने ऐकायचे. दवंडीला उत्तर देता येत नाही. वाडीत म्हातारी आजारी आहे, डोंगराला भेग पडली आहे, पाझर तलावाच्या भिंतीतून गढूळ पाणी येते आहे, हे वर सांगायचे तर दोन्ही बाजूंनी बोलता येणारे साधन लागते. असे एक साधे, जुने साधन आहे. त्याचे नाव सीबी रेडिओ, म्हणजे नागरिक पट्ट्यावरचा दुतर्फा रेडिओ.

हे आहे तरी काय?

पोलिसांकडे वायरलेस असतो तसाच हा, पण सामान्य माणसासाठी. मनोरा नको, सिमकार्ड नको, महिन्याचे बिल नको. एका संचातून निघालेली लहर थेट दुसऱ्या संचाला भेटते. अमेरिकेत १९५८ पासून २७ मेगाहर्ट्झवर हा पट्टा लोकांना खुला आहे. १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या ट्रकवाल्यांनी डिझेल कुठे मिळते हे एकमेकांना याच रेडिओवर सांगितले आणि तो घरोघरी गेला. ऑस्ट्रेलियात १९७७ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. तिथली शेते मैलोन्‌मैल पसरलेली, त्यामुळे ट्रॅक्टरवर, गाडीत, घरात संच ठेवणे ही तिथे शेतकऱ्याची रोजची सवय आहे.

आपल्याकडेही दार बंद नाही. २००५ साली केंद्र सरकारने नियम करून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या संचांना परवान्यातून सूट दिली. अटी अशा: शक्ती ५ वॅटपर्यंत, अँटेना संचाच्या अंगचीच, दुसऱ्याच्या दळणवळणात अडथळा आणायचा नाही, आणि आपल्याला अडथळा झाला तर तक्रारीचा हक्क नाही. पट्टा सगळ्यांचा सामाईक, गायरानासारखा. कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही.

यातली ‘अंगचीच अँटेना’ ही अट नीट समजून घेतली पाहिजे. पंचायतीच्या गच्चीवर पाइप उभा करून त्यावर मोठी अँटेना लावली, किंवा ट्रॅक्टरच्या टपावर काठी लावून केबल संचाला जोडली, तर ते या सुटीत बसत नाही. त्यासाठी दिल्लीच्या दूरसंचार विभागातल्या वायरलेस नियोजन शाखेची परवानगी लागते. आपल्या कामाचा संच म्हणजे हातात धरायचा, स्वतःच्या अँटेनाचा, ५ वॅटच्या आतला.

खरेदीत फसू नका

दुकानात किंवा ऑनलाइन ‘वॉकीटॉकी’ मागा, बहुतेक वेळा ४०० मेगाहर्ट्झच्या पुढचे संच समोर येतात. स्वस्त असतात, चकचकीत असतात, डब्यावर ‘तीस किलोमीटर’ असे ठळक छापलेले असते. त्यांतल्या ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या अल्प शक्तीच्या संचांना २०१८ च्या नियमांनी सूट आहे. बाकीच्यांना परवाना लागतो. विनापरवाना वायरलेस बाळगणे १९३३ च्या कायद्याने बेकायदा ठरवले होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही त्याला दंड आहे. असा संच चुकून पोलिसांच्या किंवा विमानतळाच्या लहरीवर बोलला, तर सरपंचाला खुलासा देताना घाम फुटेल. ऑनलाइन विक्रीत हा घोळ इतका वाढला, की मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा संचांच्या विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली.

म्हणून तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. संच नेमका किती मेगाहर्ट्झवर चालतो? त्याला ईटीए, म्हणजे सरकारची उपकरण मान्यता आहे का आणि तिचा क्रमांक काय? पक्की पावती मिळेल का? दुकानदार ‘सगळं चालतं हो’ म्हणाला, तर तिथून निघावे. खरेदीच्या वेळी नियम बदललेला नाही ना, तेही तपासावे.

परदेशातल्या पाहुण्यांकडून संच मागवू नका. अमेरिकेतला घरगुती वॉकीटॉकी ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झवर आणि ऑस्ट्रेलियातला शेतावरचा संच ४७७ वर चालतो, आपल्याकडे दोन्हींना सूट नाही. अमेरिकी सीबी संचात ४० चॅनेल असतात आणि ते २७.४०५ पर्यंत जातात. आपली हद्द २७.२८३ ला संपते. म्हणजे त्यातले २७ व्या चॅनेलपर्यंतचेच आपल्या बांधाच्या आत, पुढचे सगळे दुसऱ्याच्या शेतात.

किती लांब ऐकू येते?

डब्यावरचा आकडा विसरा. सपाट, मोकळ्या रानात असा हातसंच दोन-चार किलोमीटर काम देतो. मध्ये डोंगराची सोंड आली तर अर्ध्या किलोमीटरवरही गप्प होतो. उंचावर उभे राहिले तर पल्ला वाढतो. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांबीची. तिला साजेशी अँटेना पावणेतीन मीटर उंच असायला हवी, पण हातसंचात ती गुंडाळून फूट-दीड फुटात बसवलेली असते. त्यामुळे जोर थोडा कमीच पडतो. ४४६ च्या संचाची अँटेना आखूड असली तरी पुरते, पण त्या लहरीला दाट झाडी आणि डोंगर जास्त नडतात. गावाला कोणता चालेल हे जमीन बघून ठरते, जसे बियाण्याचे वाण.

शिवाय २७ मेगाहर्ट्झचा हाच पट्टा कारखान्यांतल्या काही तापवण्याच्या आणि प्लॅस्टिक जोडण्याच्या यंत्रांनाही दिलेला आहे. एमआयडीसीच्या जवळच्या गावांत खरखर जास्त येऊ शकते. सूर्यावरचे डाग वाढतात त्या वर्षांत दिवसा कधी कधी हजारो किलोमीटरवरचे परके आवाज घुसतात. तेव्हा घाबरू नये, चॅनेल बदलावा.

म्हणून एकदम दहा संच घेऊ नयेत. आधी दोनच घ्यावेत. एक पंचायतीत ठेवावा, दुसरा घेऊन एका जाणत्या माणसाने वाडी-वाडी फिरावे. अंगणात, देवळापाशी, शाळेपाशी, ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे थांबून बोलावे. गावाच्या नकाशावर खुणा कराव्यात: स्वच्छ ऐकू येते, तुटक येते, येतच नाही. जिथे येत नाही तिथे दोन्ही बाजू ज्याला दिसतात अशी टेकडी शोधावी आणि तिथे ‘मधला माणूस’ नेमावा. खालचा निरोप ऐकायचा आणि वर तसाच्या तसा सांगायचा, एवढेच त्याचे काम. मात्र विजा चमकत असताना त्याला टेकडीवर उभे करू नये. अशा वेळी त्याने खालच्या ठरलेल्या घरात थांबावे.

आणखी एक. हा रेडिओ तहसील कचेरीपर्यंत पोचणार नाही. त्याचे काम वाडीचा निरोप अशा ठिकाणी आणून सोडणे, जिथून फोन लागतो किंवा गाडी निघते. मोबाइलची रेंज शेवटपर्यंत टिकते अशी जागा प्रत्येक गावाला माहीत असते. एक संच तिथे हवाच.

शिस्त नसेल तर खेळणे

संच वापरणे अवघड नाही. चॅनेल लावायचा, आवाज वाढवायचा. ‘स्क्वेल्च’ नावाची कळ असते, ती खरखर थांबेपर्यंतच फिरवायची. जास्त फिरवली तर लांबचा बारीक आवाजही अडतो. संच उभा धरावा, तोंडापासून चार बोटे लांब. बटण दाबून क्षणभर थांबावे आणि मग बोलावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. बोलून झाले की ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडावे. एकाने बटण दाबले असेल तोवर त्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही, हे पोराटोरांनाही समजावून सांगावे. पत्र्याच्या छपराखाली बसून बोलू नये, बाहेर यावे. मोटरच्या स्टार्टरपासून आणि चालू इंजिनापासून दूर उभे राहावे.

खरी अडचण माणसांच्या सवयीची. त्यासाठी पंचायतीने आधीच काही नेम ठरवावेत.

पहिला नेम माणसाचा. प्रत्येक संचाला एक जबाबदार आणि एक पर्यायी माणूस. पर्यायी माणूस शक्यतो बाईमाणूस असावी. दिवसा पुरुष रानात असतात. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्ष गावातच असतात.

दुसरा नेम वेळेचा. पावसाळाभर सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ वाजता सगळ्यांनी हजेरी द्यायची. धुवाधार लागला की दर तासाच्या ठोक्याला १० मिनिटे संच चालू ठेवायचा, बाकी वेळ बंद. बॅटरी दिवसभर जाळली तर रात्री नेमकी गरज पडेल तेव्हा ती संपलेली असते. हजेरीला उत्तर आले नाही, तर तीच पहिली खबर समजून माणूस पाठवायचा.

तिसरा नेम नावाचा. रेडिओवर माणसाचे नाव नको, जागेचे नाव घ्यायचे: पंचायत, टेकडी, वरची वाडी, धरण. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव, मग आपले.

चौथा नेम निरोपाचा. कुठे, काय झाले, किती माणसे, काय हवे, या क्रमाने सांगायचे. ऐकणाऱ्याने तोच निरोप परत म्हणून दाखवायचा. आकडे एकेक सांगायचे. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ सारखेच ऐकू येतात. ‘पाच, नऊ’ आणि ‘सहा, नऊ’ म्हटले की घोळ होत नाही. नमुना असा:

‘टेकडी, टेकडी, मी वरची वाडी. ओव्हर.’
‘वरची वाडी, मी टेकडी. बोला. ओव्हर.’
‘वरची वाडी. साकवावरून पाणी. बाळंतपणाची बाई एक. डोली आणि चार माणसे पलीकडून हवीत. ओव्हर.’
‘वरची वाडी. साकवावरून पाणी. बाळंतपणाची बाई एक. डोली, चार माणसे पलीकडून. बरोबर? ओव्हर.’
‘बरोबर. ओव्हर.’

एवढ्याला मिनिट लागत नाही. घाबरलेल्या माणसालाही हे जमावे, म्हणून हजेरीच्या वेळी आठवड्यातून एकदा असा खोटा निरोप देऊन सराव करावा.

पाचवा नेम जिभेचा. या रेडिओवरचे बोलणे आजूबाजूचा कोणीही ऐकू शकतो. पैशाचे व्यवहार, घरगुती भांडणे, कोणाच्या आजाराची नावे, निवडणुकीचे राजकारण त्यावर नको. ऐकीव बातमी तर मुळीच नको. ‘धरण फुटलं म्हणे’ या तीन शब्दांनी अख्खी वाडी अंधारात पळत सुटेल आणि पाय घसरून दोघे-चौघे जखमी होतील. डोळ्यांनी पाहिले तेवढेच बोलावे.

सहावा नेम बॅटरीचा. चार्जिंगच्या संचासोबत छोटे सोलर पॅनेल असले तर उत्तम. सुट्या सेलवर चालणारा संच असेल तर नव्या सेलचा एक जोड पंचायतीच्या कपाटात, वेगळ्या पिशवीत असावा. पावसाळा संपला की सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून संच खातात. साध्या वहीत तारीख, वेळ, निरोप आणि सही यांची नोंद ठेवावी. उद्या पंचनाम्याला तीच वही उपयोगी पडते.

एरवीही उपयोग आहे

वर्षभर कपाटात पडलेले साधन वेळेला दगा देते, म्हणून ते शेतीकामातही फिरते ठेवावे. नदीवर मोटर आणि दीड किलोमीटरवर शेत असलेल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. वर पाइप निखळला तर खाली मोटर बंद करायला धावत यावे लागते, तोवर अर्धा वाफा वाहून जातो. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस घरच्यांशी अर्ध्या तासाने दोन शब्द बोलला, तरी जुन्नरसारख्या बिबट्याच्या भागात घरात निवांत झोप लागते. पाण्याच्या पाळीत वरच्या आणि खालच्या टोकाचे शेतकरी बोलले, तर निम्मी भांडणे जागच्या जागी मिटतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ‘लाइट बंद केली’ असा रेडिओवर निरोप आला म्हणून तारेला हात लावायचा नाही. स्वतः फ्यूज काढून, खात्री करूनच पुढे जायचे.

वेळेआधीची तयारी

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमानचे दळणवळण तुटले. त्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम रेडिओचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. हॅमच्याच वेगळ्या कार्यक्रमासाठी ते आधीच परवानगी काढून, संच लावून बसले होते. म्हणूनच लाट आल्यावर तिथल्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवता आली. लाट आल्यानंतर परवानगीचा अर्ज केला असता तर काय झाले असते?

हॅम हा सीबीचा थोरला भाऊ. त्याला सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, पण पल्ला शेकडो-हजारो किलोमीटरचा. तालुक्याच्या कॉलेजातल्या, आयटीआयमधल्या दोन-चार मुलांनी ही परीक्षा दिली, तर पंचायतीपासून जिल्ह्यापर्यंतचा पुढचा टप्पाही जोडला जाईल. वयाची अट १२ वर्षांची आहे, म्हणजे हायस्कूलची मुलेही बसू शकतात.

काही भार सरकारनेही उचलला पाहिजे. अंगच्याच अँटेनाची अट शहरातल्या वापराला ठीक आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीला ती जाचक आहे. तीन मीटरची अँटेना पंचायतीच्या गच्चीवर लागली, तर तेवढ्याच शक्तीत आणखी वाड्या टप्प्यात येतील. एकेका सरपंचाने दिल्लीला कागद पाठवत बसण्यापेक्षा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दरडप्रवण आणि पूरप्रवण गावांची यादी करून सर्वांसाठी एकत्र परवानगी मागावी. यादी करणे त्यांना अवघड नाही. दरवर्षी नोटिसा त्याच गावांना जातात. ‘स्थलांतर करा’ अशी नोटीस पाठवणाऱ्या कचेरीने ‘आम्ही अडकलो’ हे ऐकायचीही सोय करावी, ही मागणी गैरवाजवी नाही.

तोवर गावाने हातावर हात ठेवून बसू नये. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. रीतसर दरपत्रके मागवून ग्रामनिधीतून दोन संच घ्यावेत. मे महिन्यात वाड्यांची फेरी करून नकाशावर खुणा कराव्यात. रोहिणी लागण्याआधी माणसे, वेळा आणि नावे ठरवून तो कागद पंचायतीच्या फळ्यावर, शाळेत आणि रेशन दुकानात चिकटवावा. पोलीस पाटील, तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी पहिल्या हजेरीला स्वतः उभे राहावे. साहेब उभे राहिले की लोक उभे राहतात.

पेरणीला उशीर झाला तर दुबार पेरणी तरी करता येते. वाडीची हाक वेळेवर ऐकू आली नाही, तर दुसरी संधी मिळत नाही. मृगाचा पहिला पाऊस पडेल त्या संध्याकाळी ७ वाजता गावातली प्रत्येक वाडी हजेरीला ‘आहे’ म्हणाली पाहिजे. तोपर्यंत पावसाळ्याची तयारी झाली असे कोणी म्हणू नये.